नेटबॉलचे सोपे प्रकारही शाळांत यावेत

माननीय संपादक महोदय,

नेटबॉल (हातांनी चेंडू एकमेकींकडे देत खांबावरच्या रिंगमध्ये टाकायचा खेळ) म्हटले की सात खेळाडूंचा संघ आणि ३.०५ मीटर उंचीचा खांब, एवढेच आमच्या शाळा गृहीत धरतात. परंतु दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर मुलीही ऊसतोडीला जातात, तेव्हा बीड जिल्ह्यातील लहान शाळेत सात जणी जमवणेही कठीण होते. अशा वेळी ‘फास्ट५’ हा पाच जणींचा, सहा-सहा मिनिटांच्या चार डावांचा प्रकार खेळता येईल. त्यात लांबून केलेल्या गोलला दोन किंवा तीन गुण मिळत असल्याने चुरसही वाढते. ऑस्ट्रेलियात लहान मुलांसाठी खांब २.४ मीटरवर आणतात आणि चेंडूही लहान, चार क्रमांकाचा देतात. आपल्याकडे मात्र तिसरीतली पोर मोठ्यांच्या रिंगकडे मान वर करून पाहते आणि ‘हिला जमत नाही’ हा शेरा पदरात घेते. इंग्लंडमध्ये चालत खेळायच्या नेटबॉलमध्ये धावणे वर्ज्य असून चेंडू तीनऐवजी चार सेकंद हाती ठेवता येतो. बचत गटातील महिलांना तो मारुतीच्या पारासमोरही (माझ्या मते नऊवारीतसुद्धा) खेळता येईल. जिल्हा क्रीडा कार्यालयांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे प्रकार शिकवावेत आणि उंची कमी-जास्त होणारे खांब शाळांना पुरवावेत, ही विनंती.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, माजलगाव