समान दिवस-रात्र आणि सात मिनिटे

महोदय,
२३ सप्टेंबर आला की 'आज दिवस-रात्र समान' ही चौकट वर्तमानपत्रात ठरलेली. प्रत्यक्षात मुंबईत त्या दिवशी दिवस बारा तासांहून सुमारे सात मिनिटांनी मोठा भरतो. सूर्याची वरची कड दिसली की आपण उदय धरतो, शिवाय हवेत प्रकाश वाकत असल्याने क्षितिजाखालचा सूर्यही दिसतो. खरी बरोबरी सप्टेंबरअखेरीस.

आमच्या दादरच्या पश्चिमेकडील गॅलरीतून मला पंचांगाची गरज पडत नाही. जूनमध्ये सूर्य उजवीकडच्या पाण्याच्या टाकीमागे बुडतो (ढगांनी दिसू दिला तर!), डिसेंबरात डावीकडच्या टॉवरमागे. २३ सप्टेंबरच्या विषुवदिनी मात्र अगदी समोर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध.

मुंबईचा सर्वांत लहान दिवस साधारण अकरा तासांचा, मोठा सव्वातेरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तास. त्यामुळे आपले ऋतू दिवसाच्या लांबीपेक्षा ढग आणि वारेच ठरवतात. दिवस आखडत असताना ऑक्टोबरात घामाच्या धारा लागतात, कारण पाऊस परतून आभाळ मोकळे झालेले असते आणि हवेतला दमटपणा तसाच असतो. पुढच्या वर्षी चौकटीत 'जवळजवळ समान' एवढे तरी छापावे.

– एक वाचक, दादर