अण्णा, त्या 'निराधार' शब्दाबद्दल

आई, अण्णा,

फोन केला की अण्णा दोन शब्द बोलतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून फोन तुझ्याकडे देतात, म्हणून आज टाईप करतेय. पोरं झोपलीत. आई, तू वाचून दाखवू नकोस, त्यांना चष्मा दे आणि त्यांचं त्यांना वाचू दे.

मामांनी मला मागच्या आठवड्यात तहसीलला संजय गांधी निराधार योजनेच्या खिडकीसमोर रांगेत बघितलं आणि घरी येऊन सांगितलं हे कळलं मला. मामांवर माझा राग नाही, त्यांना काळजी वाटली म्हणून बोलले. पण "मी जिवंत असताना माझी पोर निराधार कशी झाली" असं अण्णा म्हणाले आणि ताटावरून उठले हे तू सांगितलंस तेव्हापासून मला झोप नाही. अण्णा, त्या रात्री दोन पोरं आणि एक पिशवी घेऊन मी एसटीत बसले ते तुमच्या दाराच्या भरवशावरच ना, तुम्ही नसता तर मी घर सोडलंच नसतं, सोसत बसले असते. मला आधार आहे हे मला पक्कं माहितीय.

तो शब्द माझ्यासाठी कुणी काढलेला नाही, योजनेचं नावच ते आहे, १९८० पासूनचं. त्यात विधवा येतात, अपंग येतात, आणि ज्यांची घटस्फोटाची केस चालू आहे पण पोटगी मिळत नाही अशा बायकाही येतात. अशा बायकांना महिन्याला १५०० मिळतात. पण अण्णा, मी त्यात बसतच नाही. माझ्यासारखीला अट अशी आहे की घराचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मला कापडाच्या दुकानात ८,००० मिळतात. दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा या अटीत बसायची नाही, मग बसतं तरी कोण हे मला खरंच कळत नाही, ही रक्कम वाढवायला पाहिजे.

बाहेर टेबल टाकून बसलेला एकजण म्हणाला ताई उत्पन्नाचा दाखला एकवीस हजाराच्या आतला करून देतो, सगळेच करतात. मी नको म्हटलं. एक तर खोटं ते खोटंच, आणि दुसरं म्हणजे पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही आपापलं उत्पन्न, मालमत्ता, खर्च सगळं शपथपत्रावर लिहून द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाने २०२० पासून तसं ठरवून दिलंय, मग एका कागदावर २१,००० आणि दुसऱ्यावर ९६,००० असं झालं तर समोरचा वकील मलाच खोटारडी ठरवणार. तेवढ्यासाठी मी केस घालवणार नाही.

लाडक्या बहिणीचे १५०० मला मिळत होते हे तुम्हाला माहितीय, पण ते जमा व्हायचे त्या खात्याचं एटीएम कार्ड सासूबाईंच्या कपाटात. इथे आल्यावर मी पोस्टात नवीन खातं उघडलं आणि आधार त्याला जोडून घेतलं, सरकारी पैसे आधारला जे खातं शेवटचं जोडलेलं असतं तिथेच येतात, हे मला पोस्टातल्या बाईंनी सांगितलं, नाहीतर मी बँकेत जुनं खातं बंद करायला हेलपाटे घालत बसले असते. मग कळलं आधारला मोबाईल नंबर ह्यांचाच आहे, लग्नानंतर नाव बदलताना त्यांनी स्वतःचाच दिला होता. म्हणजे माझ्या नावाचा प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर. आधार केंद्रावर जाऊन अंगठा देऊन तो नंबर बदलला, ७५ रुपये गेले, पण त्या दिवशी मला जेवढं मोकळं वाटलं तेवढं घर सोडतानासुद्धा वाटलं नव्हतं.

पण लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला नवऱ्याचाही आधार नंबर लागतो आणि त्यांच्याही फोनवर ओटीपी जातो. मी फोन केला होता, दोनदा. त्यांनी नाही दिला. अंगणवाडीच्या ताई चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला द्यायचा, घटस्फोट झाला असेल तर तो कागद किंवा कोर्टाचा आदेश द्यायचा. माझ्याकडे यातलं काहीच नाही आई. योजनेच्या यादीत परित्यक्ता लिहिलंय, पण ती आहे हे दाखवायचं कसं? नवरा काही टाकलंय असं लिहून देत नाही. हप्ता सध्या थांबलाय.

म्हणून कोर्टात अर्ज टाकतेय. अण्णा, इथे घाबरू नका, वकिलाला पैसे लागणार नाहीत. बाईमाणसाला कमाई कितीही असली तरी सरकारतर्फे वकील फुकट मिळतो, १९८७ चा कायदा आहे, कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे मी अर्ज दिला आणि मला वकीलबाई मिळाल्यात. पोटगीचं आधी १२५ कलम म्हणायचे, आता नवीन कायद्यात ते १४४ झालंय. मी साताऱ्यात राहते म्हणून केस साताऱ्यातच टाकता येते, त्यांच्या गावी जायला नको. नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तात्पुरत्या पोटगीचा निकाल द्यावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात वेळ लागतो म्हणाल्या, पण पोटगी धरतात ती अर्ज टाकल्याच्या तारखेपासून, त्यामुळे "थोडं थांब, त्यांना पश्चात्ताप होईल" असं जे तू म्हणतेस ना आई, ते आता नको. पश्चात्ताप झाला तर अर्ज मागे घेता येतो.

आणि मोठी गोष्ट पोरांची. बालसंगोपन योजना म्हणून आहे, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने, आईबापापैकी एकच जण सांभाळत असेल तर १८ वर्षांपर्यंत एका पोराला महिन्याला २,२५० मिळतात. दोघांचे मिळून ४,५००. खोलीभाडं ३,००० आहे, तुम्हीच हिशोब करा. शेजारच्या वहिनींच्या पोराला चालू आहे, त्या म्हणाल्या दर महिन्याला येतात असं नाही, कधी कधी बऱ्याच महिन्यांचे एकदम येतात, म्हणून ते पैसे भाड्यात धरायचे नाहीत, फी, वह्या, दवाखाना यालाच ठेवायचे. महिला बालविकासच्या ऑफिसात फाईल द्यायची, मग कुणीतरी घरी येऊन बघून जातं, मग बाल कल्याण समितीपुढे पोरांना घेऊन जायचं. थोरलीला मी सांगून ठेवलंय की तिथे एक मावशी विचारतील तर जे आहे ते सांगायचं. ती म्हणाली, पप्पांबद्दल वाईट बोलायचं का? मी नाही म्हटलं. नंतर मोरीत जाऊन रडले.

शाळेचं मात्र झालं एकदाचं. जुन्या शाळेतून दाखला यायचा होता तो येईना, पण दाखला नाही म्हणून आठवीपर्यंतच्या पोराला प्रवेश अडवता येत नाही, नगरपालिकेच्या शाळेतल्या सरांनी स्वतःच हे सांगून दोघांना बसवून घेतलं. दुपारची खिचडी तिथेच होते. रेशनकार्डावर नाव अजून तिकडेच आहे, ते नंतर बघू.

अण्णा, खालचं वावर विकायचं काढलंय असं ऐकलं. विकू नका. तुमचं म्हातारपण त्या वावरावर आहे, आणि विहिरीला इतक्या वर्षांनी कुठे पाणी लागलंय. मी ज्या रांगेत उभी राहते ना, ते कुणाकडे मागायला नाही, माझ्या पोरांचं जे आहे ते घ्यायला उभी राहते. तुम्ही दुष्काळात चारा छावणीवर जनावरं नेली होती तेव्हा तुम्हाला लाज वाटली होती का? जनावरं जगली पाहिजेत एवढंच बघितलं होतं तुम्ही. मी लहान होते पण मला आठवतंय, तुम्ही तिथेच झोपायचात.

आता काम सांगते. मामा सोमवारी साताऱ्याला येणारेत, त्यांच्याकडे माझा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका आणि लग्नाचे दोनतीन फोटो द्या. आमच्या लग्नाची नोंदणी झालेली नाही, त्यामुळे कोर्टात तेच दाखवायचं. पत्रिका अण्णांच्या लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या फाईलखाली आहे. ओरिजिनल द्या, मी झेरॉक्स काढून परत पाठवते. थोडं बाजरीचं पीठ जमलं तर दे आई.

बालसंगोपनच्या फाईलला पोरांचा आणि माझा घरासमोर उभं राहून काढलेला फोटो लागतो, तो काल काढला, खाली पाठवतेय. थोरलीने दिवाळीचा अण्णांनी घेतलेला फ्रॉक घातलाय, आणि बारका हसत नव्हता म्हणून चार वेळा काढायला लागला.

तुमची
माई