खो-खोच्या मैदानाबाहेरचा आरडाओरडा

संपादक महोदय,

शालेय खो-खो स्पर्धांत पालक बाहेरून ‘वळ’, ‘ऊठ’ असे ओरडतात आणि फाऊल मुलाच्या माथी येतो. आक्रमकाने, म्हणजे पाठलाग करणाऱ्या खेळाडूने, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. बसलेल्याला पाठीमागून स्पर्शासह ‘खो’ मिळाल्याशिवाय उठता येत नाही. त्यात या गोंगाटात खरा ‘खो’च ऐकू जात नाही! टाळ्या जरूर वाजवा, सूचना प्रशिक्षकांवर सोडा.

सामन्याच्या 2-3 तास आधी पोळी-भाजी द्या. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखत असेल, तर ‘खेळून मोकळं होईल’ म्हणू नका. वाढत्या वयात तिथे ताण येतो. सूर मारणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. हरल्यावर वाटेत चुका उगाळू नका, जेवायला काय हवं ते विचारा.

– एक क्रीडाशिक्षक, सातारा