लॉनचं भाडं आणि मेहरची रक्कम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इस्लाम आणि ऐहिक सुख या विषयावर लेख आला होता. लेखकांनी वाचन बरंच केलेलं दिसतं. पण ‘इस्लाम माणसाला इच्छा मारायला लावतो आणि बुद्धी बाजूला ठेवायला सांगतो’ असं त्यांनी लिहिलं, ते वाचून राहवलं नाही. यातला पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा तर साफ उलटा.

दुसऱ्यापासूनच सुरुवात करते. शरियतमध्ये माणसावर जबाबदारी येते तीच मुळी अक्ल आल्यावर. लहान लेकरू, वेडा आणि झोपलेला माणूस, या तिघांच्या हिशेबात काही लिहिलं जात नाही, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. शरियत कशासाठी, हे सांगताना थोर इस्लामी विचारवंत इमाम गझाली (१०५८–११११) यांनी पाच गोष्टींचं रक्षण मोजलं: धर्म, जीव, अक्ल, वंश आणि मालमत्ता. दारू हराम का, याचं उत्तर आलिम लोक, म्हणजे धर्माचे जाणकार, याच यादीतून देतात. कुरआनच्या सूरह (अध्याय) मुल्कमध्ये (६७:१०) जहन्नममधली माणसं पस्तावून म्हणतात की आम्ही ऐकलं असतं किंवा अक्ल वापरली असती, तर इथं आलोच नसतो. बुद्धी बाजूला ठेवायला सांगणारा धर्म असं कशाला म्हणेल?

आता इच्छेचं. दुनियेतला आपला वाटा विसरू नका, असं सूरह कससमध्ये (२८:७७) आहे. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, असं सूरह आराफमध्ये (७:३१) आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत विचारलंय की अल्लाहने दिलेल्या चांगल्या वस्तू हराम कोणी ठरवल्या? रोज रोजा धरायचा, रात्रभर नमाज पढायची, लग्न करायचंच नाही, असं ठरवणाऱ्यांना पैगंबरांनी अडवलं होतं. मी रोजा धरतो आणि सोडतोही, नमाज पढतो आणि झोपतोही, आणि मी लग्नंही केली आहेत, असं त्यांनी सांगितलं. दोष इच्छेला नाही. दोष आहे तो इच्छेलाच खुदा करून बसणाऱ्या माणसाला (कुरआन २५:४३). गझालींनी शिकाऱ्याचा दाखला दिला आहे. अक्ल हा स्वार, ख्वाहिश म्हणजे इच्छा हा घोडा आणि राग हा कुत्रा. घोडा मारून टाकला तर शिकार होणार कशी? त्याला शिकवावं लागतं, लगाम हातात ठेवावा लागतो.

हे मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’मध्ये विकारांशी चाललेली हीच लढाई मराठी ओव्यांत मांडली आहे. आमच्या वर्गात मात्र हे नाव कधी कोणी घेतल्याचं आठवत नाही. ते असो.

माझी तक्रार खरं तर लेखकांपेक्षा आमच्याच लोकांशी जास्त आहे. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे कोणत्याही लग्नात गेले की डोक्यात आकडे सुरू होतात. मागच्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नाच्या बैठकीला बसले होते. जेवणावर तासभर खल झाला. बिर्याणी मटणाची की चिकनची, गोडाचे प्रकार किती, आइस्क्रीमचा काउंटर हवा की नको. कामठी रोडवरचं लॉन ठरलं. मग मुलीला द्यायच्या सामानाची यादी निघाली. आमच्या नागपुरात उन्हाळा म्हणजे उन्हाळा, म्हणून कूलर होताच. एका काकांनी तो खोडून एसी लिहायला लावला. शेवटी मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेची, गोष्ट निघाली आणि दोन वाक्यांत संपली. जी रक्कम ठरली ती त्या एसीच्या निम्मीही नव्हती, आणि तीसुद्धा उधार.

मुलीच्या वडिलांनी आपल्या बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून लॉनचा ॲडव्हान्स भरला. हा माणूस बँकेतल्या एफडीच्या व्याजाला हात लावत नाही, हराम म्हणून. बांगड्यांवर मात्र दर महिन्याला व्याज भरतो आहे. मी त्याला अडाणी म्हणणार नाही. आयती त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मी विषय काढला तर त्याच्याकडे उत्तरं तयार होती: एकुलती एक मुलगी आहे, दावत देणं सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे, बिरादरीत राहायचं आहे. मला यातच सगळी गोम दिसते. अक्ल त्याच्याकडे भरपूर आहे, पण ती आता फक्त ख्वाहिशीची बाजू मांडायला उरली आहे.

दावत सुन्नत आहेच. पण पैगंबरांचे सोबती अब्दुर्रहमान बिन औफ यांचं लग्न झाल्याचं कळल्यावर पैगंबर त्यांना म्हणाले होते, वलीमा (लग्नाची दावत) कर, एका बकरीचा का होईना. शिवाय वलीमा हा मुलाकडचा खर्च. मुलीच्या बापाने लॉन घ्यावं, असं कुठल्या हदीसमध्ये आहे? उलट मेहर हा बायकांचा हक्क आहे, तो खुशीने द्या, असा कुरआनचा हुकूम आहे (४:४). ज्याच्याजवळ काहीच नव्हतं त्याला पैगंबरांनी मेहरसाठी लोखंडाची अंगठी तरी शोधून आण म्हटलं होतं. जे फर्ज ते उधार आणि ज्याचा हुकूमच नाही ते रोख, हे गणित मला तरी सुटत नाही.

कोणी म्हणेल, अक्लचं एवढं कौतुक, मग ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर, गर्दी कशाची? ब्रिटिशांच्या काळात ताजुद्दीन बाबांना काही वर्षं नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं आणि पुढे राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून आणलं, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. १९२५ साली त्यांचं निधन झालं. माझं म्हणणं एवढंच की बाबांनी दुनियेकडे पाठ फिरवली होती. आपण त्यांच्या दारात उभे राहून दुनियाच मागतो.

लग्नसराईची पुरवणी आपण काढताच. लॉन, केटरर आणि मेंदीवाल्यांच्या जाहिरातींनी ती भरलेली असते. यंदा त्यात अर्धं पान मेहर आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जांना द्यावं. ते लिहायला मौलाना साहेबांना जरूर बोलवा, पण सोबत मोमीनपुऱ्यातल्या अशा एखाद्या बाईलाही विचारा, जिची मेहर नातवंडं झाली तरी उधारच आहे. शोधायला फार फिरावं लागणार नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, जाफरनगर, नागपूर