शाळेतलं नाटक बंद करू नका

महोदय,

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली आमच्या सांगलीत नाटक उभं केलं, म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. त्याच सांगलीत माझ्या नातीच्या शाळेने यंदा ‘अभ्यास बुडतो’ म्हणून स्नेहसंमेलनातलं नाटक बंद केलं. फार वाईट वाटलं.

मी २९ वर्षं मराठी शिकवलं. सातवीतला एक मुलगा बोलताना अडखळायचा, म्हणून वर्गात वाचायला उभाच राहत नसे. त्याला पडदा ओढायचं काम दिलं. तालमी ऐकून ऐकून महिनाभरात सगळ्यांची वाक्यं त्याला पाठ! प्रयोगात राजा झालेली मुलगी ऐन दरबारात वाक्य विसरली. मी वही चाळेपर्यंत यानं विंगेतून पहिले दोन शब्द पुरवले, न अडखळता. तिनं पुढचं उचललं, प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं आपला डबा त्याच्यापुढे सरकवला.

दुसऱ्याचं नीट ऐकायचं, वेळेला सावरून घ्यायचं, हे मला फळ्यावर लिहून कधी शिकवता आलं नाही.

शाळांनी शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास तालमीला द्यावा. शिक्षक कमी पडत असतील तर मी विनामोबदला येईन.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली