डबीच्या रकान्याविषयी

रत्नागिरी,
२० जून

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. घरातल्या सगळ्या चित्रपटांची आणि नाटकांची संगणकावर रीतसर नोंद करायला तू आणि चि. मृणालने घेतली आहे, हे वाचून फार आनंद झाला. दिग्दर्शक, वर्ष, भाषा, कालावधी हे रकाने सुरळीत भरत गेले आणि गाडी 'डबीचा प्रकार' या एका रकान्यापाशी येऊन अडली, याचे मात्र मला नवल वाटले नाही. आतल्या मजकुराची नोंद कशी करावी याचे नियम आमच्या ग्रंथालयाच्या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार झाले आहेत. मजकूर ज्यातून घरी येतो त्या वेष्टनाकडे तितक्या बारकाईने कोणी पाहिलेले नाही. म्हणून तुझ्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर न देता सविस्तर लिहितो आहे.

बाहेर पुठ्ठ्याचे आवरण आणि आत नेहमीची काळी प्लॅस्टिकची डबी असलेला संच मृणालला 'स्लिपकेस'मध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या नावाखाली, घालायचा आहे आणि तुला 'कीप केस'मध्ये, म्हणजे आतल्या डबीच्या. माझ्या मते तुम्हा दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, रकाना तेवढा चुकीचा आहे. तयार आज्ञावलींमध्ये जुएल केस, कीप केस, डिजिपॅक, स्टीलबुक, स्लिपकेस, पुठ्ठा अशी नावे एकाखाली एक दिलेली असतात आणि त्यांतले एकच निवडायचे असते. पण ही नावे एका कसोटीने पाडलेली नाहीत. जुएल केस, म्हणजे गाण्यांच्या सीडीची पारदर्शक डबी, हे घडणीवरून पडलेले नाव, पुठ्ठा म्हणजे डबी कशाची केली ते, डिजिपॅक (पुठ्ठ्याची घडी) आणि स्टीलबुक (पत्र्याची डबी) ही मुळात व्यापारी नावे, आणि स्लिपकेस तर दुसऱ्या डबीवर चढवायची वस्तू. एकाच डबीला यांतली दोन-तीन नावे एकदम लागू पडणार, आणि मग ज्या दिवशी जे सुचेल ते लिहिले जाणार. सहा महिन्यांनी अशा यादीत काही शोधायला गेलास, तर एकाच घडणीच्या डब्या तीन ठिकाणी विखुरलेल्या सापडतील.

ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण ही पुस्तकांच्या विषयवार वर्गवारीची पद्धत मांडली तेव्हा नेमका हाच पेच त्यांनी पुस्तकांच्या बाबतीत सोडवला होता. विषयाला एकच तयार कप्पा शोधत बसण्याऐवजी त्याचे पैलू सुटे करायचे, प्रत्येक पैलूची ओळ वेगळी ठेवायची, आणि एका ओळीतल्या नावांपैकी एका वस्तूला एकच नाव लागेल अशी काळजी घ्यायची. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून त्यांनी अख्ख्या ग्रंथसंग्रहाचा विचार केला. तुमच्या दोन कपाटांसाठी त्यातला एवढा धागा पुरेसा आहे. 'डबीचा प्रकार' हा रकाना काढून टाका आणि त्याच्या जागी वेगवेगळे प्रश्न विचारा: डिस्क कशात बसते, ती डबी कशाची आहे, तिची उंची किती, बाहेरून आणखी काही चढवले आहे का, आणि ही डबी मूळची की मागाहून बदललेली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी डिस्कपासून सुरू करून बाहेर यावे. डिस्कला प्रत्यक्ष कोण धरते ते पाहायचे. मधल्या भोकात दाते किंवा बटण अडकवून धरणारा प्लॅस्टिकचा ट्रे असेल, तर ती 'ट्रेची' डबी. डिस्क नुसती सरकवून ठेवली असेल, तर ते 'पाकीट', मग ते कागदाचे असो, पुठ्ठ्याचे असो की प्लॅस्टिकचे. एवढ्या एका भेदाने निम्मे वाद मिटतात. डिजिपॅक म्हणून विकली जाणारी घडी घे: बाहेरून ती सगळी पुठ्ठ्याची दिसते, पण आत प्लॅस्टिकचा ट्रे चिकटवलेला असतो, म्हणून तिची नोंद 'ट्रे, पुठ्ठ्याच्या घडीत' अशी होईल. वॉर्नर ब्रदर्सच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या अमेरिकन डीव्हीडी ज्या डबीत येत, तिचे मुखपृष्ठ आणि पाठ पुठ्ठ्याची आणि कडेला खटकन बसणारी प्लॅस्टिकची पट्टी अशी रचना असे. तिलाही हेच उत्तर लागू पडते, फक्त 'कडेला खटका' एवढा शेरा जोडावा. तुझ्या भाच्याने परदेशातून पाठवलेल्या डीव्हीडींमध्ये अशी एखादी निघाली, तर ती जपून ठेव, कारण गेल्या दोन दशकांत ती घडण बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आहे.

आता ज्या डबीवर माझा सर्वांत जास्त जीव आहे तिच्याविषयी, म्हणजे साध्या जुएल केसविषयी. एक हातात घेऊन नीट पाहा. झाकण, तळ आणि मधला ट्रे असे तिचे तीन सुटे भाग असतात. माप साधारण १४२ बाय १२५ मिलिमीटर आणि जाडी १० मिलिमीटर. झाकणाच्या आतल्या बाजूला छोट्या जिभा असतात, त्यांच्याखाली पुढचा कागद सरकवलेला असतो. मागचा कागद मात्र ट्रेच्या खाली असतो आणि त्याच्या दोन्ही कडा काटकोनात दुमडून दोन पाठी तयार केलेल्या असतात, म्हणजे डबी कोणत्याही बाजूने उभी केली तरी नाव वाचता येते. तो कागद पाहायचा असेल तर ट्रे अलगद उचलावा लागतो, आणि पुष्कळदा नोंदीला हवी असलेली बारीक अक्षरातली माहिती त्याच कागदावर असते. ही डबी पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकची, म्हणून काचेसारखी स्वच्छ पण ठिसूळ. बिजागरीची कानशिले आणि मधले दाते आधी तुटतात. उलट डीव्हीडीची डबी पॉलिप्रॉपिलिन या लवचीक प्लॅस्टिकची असते आणि तिची बिजागरी वेगळी नसून त्याच प्लॅस्टिकची पातळ केलेली घडी असते, म्हणून वर्षानुवर्षे उघडझाप करूनही ती टिकते. 'डबी कशाची' हा रकाना मी वेगळा मागतो तो याचसाठी. कोणत्या डब्या लवकर बदलाव्या लागतील हे तो रकाना आपोआप सांगतो.

आपल्याकडे जुएल केस म्हटले की गाण्यांची सीडी आठवते, पण तुझ्या संग्रहात तिच्यात मुख्यतः व्हीसीडी, म्हणजे चित्रणाच्या सीडी, असणार. व्हीसीडीचे मानक १९९३ सालचे, आणि एका डिस्कवर सुमारे ७४ मिनिटांचेच चित्रण मावते. त्यामुळे तीन अंकी नाटक म्हटले की दोन किंवा तीन डिस्क आल्याच. त्या ठेवायला कधी पानासारखा उलटणारा ट्रे असलेली नेहमीच्याच जाडीची डबी वापरली जाई, कधी २४ मिलिमीटरची जाडजूड डबी, तर कधी चक्क डीव्हीडीच्या उंचीची उभी डबी. म्हणून डबीवरून डिस्कची जात ठरवू नका. 'डिस्क: व्हीसीडी, दोन' हा रकाना वेगळा आणि 'ट्रे, उलटणारा' हा वेगळा असू द्या.

मराठी नाटकांच्या व्हीसीडींबद्दल एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची आहे. यांतल्या कित्येकांची नोंद कुठल्याही सूचीत मिळत नाही. डिस्कवर नाटकाचे नाव आणि 'भाग १' एवढेच छापलेले असते. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, मूळ नाट्यसंस्था, चित्रण कोणत्या संचातल्या प्रयोगाचे आहे हे सगळे असलेच तर डबीतल्या त्या दुमडलेल्या कागदावर. तेव्हा 'जागा वाचते' म्हणून डिस्क काढून पाकिटांच्या वहीत लावायच्या आणि डब्या भंगारात द्यायच्या, असे जे मृणालने सुचवले आहे, ते कृपा करून करू नका. जागेची अडचण खरीच असेल तर डबी जाऊ द्या, पण दोन्ही कागद काढून डिस्कच्या सोबत ठेवा, आणि 'डबी: काढली, कागद जपले' अशी नोंद करा. वहीचे पाकीट पीव्हीसीचे नको. त्यातला मऊपणा आणणारा घटक कालांतराने बाहेर येतो आणि पाकीट डिस्कला चिकटू लागते. पॉलिप्रॉपिलिनचे घ्या.

उंचीचा रकाना रुक्ष वाटेल, पण कपाट लावताना सर्वांत उपयोगी तोच पडतो. डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत आली, तेव्हा दुकानांतल्या मांडण्या व्हीएचएस कॅसेटच्या मापाच्या होत्या. कॅसेट १८७ मिलिमीटर लांब आणि डीव्हीडीची डबी १९० मिलिमीटर उंच, हा योगायोग नव्हे. आत बारा सेंटिमीटरची डिस्क असूनही डबी एवढी उंच का, याचे उत्तर त्या मांडणीत आहे. ब्लू-रे २००६ साली आली ती सुमारे १७२ मिलिमीटरच्या निळ्या डबीत. २०१६ पासूनच्या फोर-के डिस्क त्याच मापाच्या काळ्या डबीत असतात. रंगासाठी रकाना करू नका, तो ओळखीला उपयोगी आहे, वर्गीकरणाला नाही. नेहमीची डीव्हीडी डबी साधारण १४ मिलिमीटर जाड असते, म्हणजे एक मीटरच्या फळीवर सत्तरएक बसतात. सडपातळ डबी त्याच्या निम्मी. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्यावर घरोघरी संग्रह भराभर वाढले, आणि त्या काळातल्या कित्येक डिस्क तुला सडपातळ डबीत किंवा नुसत्या पुठ्ठ्याच्या पाकिटात सापडतील. पाकिटाला वाचण्याजोगी पाठ नसते, तेव्हा ती पाकिटे फळीवर इतर डब्यांच्या मध्ये न लावता एका खोक्यात क्रमाने उभी ठेवावीत.

बाहेरच्या आवरणाचा प्रश्न, ज्यावरून तुमचा वाद सुरू झाला, तो आता सोपा आहे. दोन्ही टोकांनी उघडी असलेली, डबीवरून सरकवायची पुठ्ठ्याची पट्टी म्हणजे 'वेढा'. एकाच बाजूने उघडे आणि डबी आत जाऊन बसते ते 'म्यान'. तुमच्या त्या संचाची नोंद 'ट्रे, प्लॅस्टिकची डबी, १९० मिमी; बाहेर वेढा' अशी होईल आणि दोघांचेही समाधान होईल. एका म्यानात चार-पाच डब्या असतील, तर म्यानाला एक नोंद आणि तिच्याखाली प्रत्येक डबीची वेगळी नोंद द्या. सगळ्यांना मिळून एकच ओळ दिलीत तर पुढे एखादी डबी कोणी पाहायला नेली आणि परत आली नाही, हे यादीवरून कळणारही नाही. पत्र्याच्या डबीला तर वेगळा विचारच नको: ट्रे, पत्रा, उंची, झाले. फक्त माझ्यासारख्या समुद्राकाठच्या माणसाने तिच्या कडांवर गंज चढतो का ते अधूनमधून पाहावे. नागपुरात तुला ती काळजी नाही.

हवामानाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या मार्गदर्शिकेत डिस्कसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. इथे जून लागला की ती आर्द्रता अशक्य, आणि तुझ्याकडे मे महिन्यात ते तापमान अशक्य. आपल्या हातात एवढेच आहे की डब्या उभ्या ठेवाव्यात, उन्हाच्या भिंतीला लागून कपाट नसावे, आणि पुठ्ठ्याची पाकिटे व वेढे दमट दिवसांत तपासावेत, कारण पुठ्ठा ओल धरतो आणि ती थेट डिस्कशी पोहोचवतो. आणखी एक, ट्रेच्या डबीतून डिस्क काढताना मधले बटण दाबूनच काढायला सर्वांना शिकव. कडेला धरून ओढली की डिस्क वाकते, आणि डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून केलेली असल्यामुळे तिला ते वाकणे सोसत नाही. ज्या डबीचे बटण फार घट्ट आहे तिच्या नोंदीत 'घट्ट' असा शेरा अवश्य टाक.

'मूळची की बदललेली' हा रकाना काहींना अनावश्यक वाटेल. मला तो आवश्यक वाटतो. आपण नोंद करतो ती हातात असलेल्या वस्तूची, दुकानातून निघाली तेव्हा ती कशी होती याची नव्हे. तुटलेली जुएल केस बदलून नवी घातली असेल तर नव्या डबीचे वर्णन लिहा आणि पुढे 'बदललेली' म्हणा. मूळ डबी कोणती होती ते पक्के ठाऊक असेल तरच शेऱ्यात लिहा. अंदाजाने काहीही भरू नका. रिकामा रकाना उद्या कोणीतरी भरेल, चुकीचा भरलेला रकाना कोणी तपासायला जात नाही.

यातूनही काही डब्या कोणत्याच चौकटीत बसणार नाहीत. वर्तुळाकार पत्र्याचे डबे, पुस्तकाच्या पानांत ट्रे बसवलेले संच, लग्नाच्या चित्रीकरणाच्या डिस्क ठेवलेले मखमली खोके, असे काही ना काही निघेलच. त्यांच्यासाठी 'इतर' ठेवा, पण नुसते 'इतर' लिहून पुढे जाऊ नका. एका वाक्यात दिसते तसे वर्णन करा. एकाच तऱ्हेच्या दोन-चार वस्तू 'इतर'मध्ये जमल्या की त्यांना स्वतःचे नाव द्यायला हरकत नाही.

पहिल्या फळीच्या नोंदी पुऱ्या झाल्या की यादी मला पाठव, आणि 'इतर'मध्ये पडलेल्या वस्तूंची उघडलेल्या स्थितीतली छायाचित्रेही पाठव, म्हणजे डिस्क कशात धरली आहे ते दिसेल. नाटकांच्या व्हीसीडींचे मागचे कागद मृणालने जमेल तसे स्कॅन करून ठेवले तर फारच चांगले. ते मला सर्वांत आधी पाहायचे आहेत.

वहिनींना नमस्कार, मृणालला अनेक आशीर्वाद.

तुझा,
माधव