गेलेला प्राणी परत आणताना

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एखाद्या प्रदेशातून नाहीसा झालेला प्राणी दुसरीकडून आणून सोडला म्हणजे तिथले बिघडलेले रान खरोखर सुधारते, की हा नुसता हौसेचा खर्च आहे, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. इथे स्कॉटलंडमध्ये ज्या ओढ्यांवर मी काम करते ते पाहता रान सुधारते, हे मी खात्रीने सांगते. मात्र तो प्राणी मुळात कशामुळे गेला आणि तिथे तो कोणते काम करत होता, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

ब्रिटनमधला बीव्हर, म्हणजे नदी-ओढ्यांत राहून दातांनी झाडे पाडणारा प्राणी, सोळाव्या शतकाच्या सुमारास संपला, कारण कातडे, मांस आणि शेपटीजवळच्या ग्रंथींतला स्राव यांसाठी त्याची बेसुमार शिकार झाली. २००९ मध्ये नॉर्वेहून आणलेली काही कुटुंबे स्कॉटलंडमधल्या नॅपडेलच्या जंगलात सोडण्यात आली. बीव्हरने पाडलेल्या झाडाचा खुंट पेन्सिलीला टोक काढावे तसा निमुळता दिसतो आणि त्यावर दातांचे रुंद घाव स्पष्ट उमटलेले असतात. फांद्या, चिखल आणि दगड रचून तो ओढ्यावर बांध घालतो. बांधातून पाणी पाझरत राहते, त्यामुळे ओढा तुंबून न राहता संथ होतो. गाळ खाली बसतो, शेतांतून वाहून आलेली खते अडतात, पावसाचा लोंढा खाली पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो आणि कोरड्या दिवसांतही काठाची ओल टिकते. त्या ओलीवर बेडूक आणि चतुर येतात, तोडलेल्या विलो या काठावरच्या झाडाच्या खुंटाला नवे धुमारे फुटतात. हेच काम यंत्रांनी केले असते, तर दरवर्षी डागडुजीचा खर्च आला असता. बीव्हर ती रात्री स्वतःच उरकतो.

अमेरिकेतल्या यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण तुम्ही वाचले आहे. तिथले अखेरचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले आणि १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले गेले. लांडगे आले आणि सगळे पूर्ववत झाले, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. मधल्या काळात एल्क हरणांनी विलो खाऊन टाकला होता, बीव्हर निघून गेले होते, ओढ्यांचे पात्र खोल खचले होते आणि भूजल खाली गेले होते. पुढे एल्कांची संख्या घटली, तरी पाणी खालीच राहिले तिथे विलो नीट वाढला नाही. म्हणून नुकसान फार मुरण्याआधी प्राणी परत आणावा, असे मला मनापासून वाटते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते लार्ज ब्लू या फुलपाखराचे उदाहरण. त्याची अळी थाइम या सुगंधी झुडपावरून जमिनीवर उतरते, तेव्हा एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि ती तिथे त्यांचीच पिल्ले खाऊन वाढते. या मुंग्यांना उबदार जमीन लागते. चराई थांबली, रोगाने ससे मेले, गवत काही सेंटिमीटर वाढले, सावलीने जमीन थंड झाली आणि मुंग्या हटल्या. १९७९ मध्ये ब्रिटनमधून हे फुलपाखरू नष्ट झाले. शास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी ही साखळी उलगडली, चराई पुन्हा सुरू करून गवत आखूड केले गेले आणि १९८३ पासून स्वीडनमधून आणलेल्या फुलपाखरांनी इथे पुन्हा जम बसवला.

खर्चाच्या प्रश्नाइतकाच मोठा प्रश्न तो सोसायचा कोणी, हा आहे. इथल्या टे नदीकाठच्या सपाट शेतांत बीव्हरच्या बांधांमुळे पाणी शिरते आणि पीक कुजते; त्या शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. २०१९ मध्ये बीव्हरला कायद्याने संरक्षण मिळाले, तरी परवाना घेऊन त्याला मारता येते. मारण्यापेक्षा पकडून दुसऱ्या नदीवर सोडणे मला योग्य वाटते, आणि २०२१ पासून सरकारनेही त्याला पाठिंबा दिला आहे. जिथे हलवणे शक्य नाही, तिथे शेतकऱ्याला भरपाई मिळायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईस साष्टांग नमस्कार. कळावे.

आपली आज्ञाधारक,
मीरा